सोळा गोण्यांचा किल्ला

किल्ल्यावर अळीव पेरून सहा दिवस झाले तरी एकही कोंब दिसेना, तेव्हा मी सरळ वाण्याशी भांडायला गेलो. "जुना माल देता राव तुम्ही. एक दाणा उगवेल तर शपथ!" वाणी शांत माणूस. त्याने डब्यातले चिमूटभर अळीव ओल्या फडक्यात बांधले आणि म्हणाला, "परसों आके देखो, साहेब." परवा गेलो, तर फडक्यातून हिरवी मिशी फुटलेली. ते फडकं घेऊन मी मान खाली घालून घरी आलो आणि बायकोला सांगितलं की वाण्याने माल बदलून दिला.

अळिवानंतर मी मोहरी पेरली. बायकोच्या मिसळणाच्या डब्यातली. मग मेथी. मग नाचणी. डोंगर होता तसाच, काळा आणि गुळगुळीत, नुकत्याच बसलेल्या म्हशीसारखा. मला वाटलं पाणी कमी पडतंय. भाईंदरात तेव्हा नळाला पाणी सकाळी थोडाच वेळ यायचं आणि सगळी इमारत बादल्या घेऊन उभी असायची. त्यातल्या दोन बादल्या रोज किल्ल्याला. "माणसांना आंघोळीला अर्धी आणि डोंगराला दोन!" बायको म्हणायची. मी ऐकल्यासारखं करायचो आणि तिसरी भरायचो.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. परळची खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला वन रूम किचन घेतलं त्याला दोन वर्षं झाली होती. मागच्या गॅलरीतून मिठागरं दिसायची, त्यापलीकडे खारी गाव, आणि दर तीन महिन्यांनी त्यातलं काहीतरी दिसेनासं होऊन तिथे एक नवीन इमारत दिसायची. आम्हीही अशाच एका इमारतीत राहत होतो हे तेव्हा माझ्या लक्षात येत नसे. आपली इमारत दृश्यात धरायची नसते.

किल्ल्यांचा मला नाद होता. नाद म्हणजे काय, चार किल्ले चढलो होतो आणि चाळीस किल्ल्यांबद्दल बोलायचो. तट, बुरूज, चोरवाट, दिंडी दरवाजा. पोरं ऐकायची, कारण ऐकल्यावर मी त्यांना लिमलेटच्या गोळ्या द्यायचो. दिवाळीत आमच्या भागातल्या मित्रमंडळाची किल्ल्यांची स्पर्धा असायची. आदल्या वर्षी आम्ही बिल्डरने टाकलेल्या उरलेल्या मुरुमाचा किल्ला केला आणि परीक्षक यायच्या आधीच तो बसला. शेजारच्या इमारतीने टाळ्या वाजवल्या. तेव्हाच मी ठरवलं, पुढच्या वर्षी माती चिकण पाहिजे.

ती मला एका रविवारी सापडली. गावाच्या मागे खाडीकडे चालत गेलो होतो. तिथे एका वाकड्या बाभळीखाली मातीचा एक लांबलचक उंचवटा होता. काळीभोर माती. फावडं घातलं तर खरवसासारखी कापली जात होती! मी अक्षरशः नाचलो. आजूबाजूला कोणी नाही, पाटी नाही, कुंपण नाही. कुणीतरी केव्हातरी ढीग घातला असेल आणि विसरून गेला असेल, असा मी हिशेब केला. आमच्या तळमजल्यावरच्या गुजराती भाईंचा स्टीलच्या भांड्यांचा धंदा होता आणि त्यांच्याकडे टेम्पो होता. त्यांना पटवलं, पोरांची फौज घेतली आणि दोन फेऱ्यांत माल आणला.

"माती कुठून आणलीत?" बायकोने विचारलं.

"पडीक होती."

"कोणाची पडीक?"

"पडीक कोणाची नसते," मी म्हणालो. वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते भाईंनाही ऐकवलं.

आणि काय किल्ला झाला म्हणून सांगू! माझ्या छातीएवढा उंच. दुहेरी तट, सात बुरूज, माथ्यावर बालेकिल्ला. टाक्यांमध्ये खरं पाणी. प्रत्येक गोष्टीला मी पुठ्ठ्याची पाटी लावली होती: धान्यकोठार, दारूकोठार, राणीवसा. दरवाजावर प्लास्टरचा भालदार मावळा, तुटलेल्या कानाचा, पोरांचा सगळ्यात लाडका. शेजारच्या इमारतीतली पोरं भिंतीवरून डोकावून निमूट परत जायची, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. फक्त हिरवळ तेवढी नव्हती.

लक्ष्मीपूजनाचा दिवस उजाडला. संध्याकाळी परीक्षक येणार होते. खारी गावातल्या एक मावशी रोज सकाळी आमच्या गेटपाशी भाजीची पाटी घेऊन बसत. त्या दिवशी त्यांनी झेंडू आणि तोरणासाठी भाताच्या लोंब्या आणल्या होत्या. पोरांनी त्यांना हाताला धरून किल्ला दाखवायला आणलं. मीही मागोमाग गेलो, कौतुक ऐकायला.

मावशींनी किल्ल्याला फेरी मारली. मग बुरुजाचा एक कोपरा चिमटीत मोडला, जिभेवर ठेवला, तोंड वाकडं केलं आणि थुंकल्या.

"खारट हाय. याच्यावर काय पेरलं तुमी, भाऊ?"

"अळीव. मोहरी. मेथी. नाचणी."

"आनि फोडणी कवा देनार?"

पोरं खिदळली. मीही हसलो, नाइलाज होता. मावशी बोटांत माती चोळतच होत्या. त्यातून कुजलेल्या पेंढ्याचा एक तुकडा निघाला. तो त्यांनी उजेडात धरला, आणि त्यांचं हसू गेलं.

"ही तुडवलेली माती हाय. पेंढा घालून तुडवलेली. कुठशी आनली?"

मी उत्साहाने पत्ता सांगितला. खाडीकडे, वाकडी बाभूळ, तिच्याखालचा तो जुना ढीग.

"भाऊ," मावशी हळू म्हणाल्या, "तो ढीग न्हाय. तो आमचा बांध हाय."

मला अजून काही कळलं नव्हतं. मी म्हणालो, "असू दे की मावशी, थोडीशीच घेतलीय."

"किती?"

"बारा-चौदा गोणी."

"सोळा!" पोरं एका सुरात ओरडली.

मावशींनी पाटी खाली ठेवली. मग त्यांनी जे सांगितलं ते आजही मला तसंच ऐकू येतं. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला त्यांचं शेत. तांबडं भात कालच कापलेलं, शेतातच पसरून वाळत घातलेलं, घरचं वर्षाचं सगळं भात. आणि आज आवस. अमावस्येला खाडीला उधाण येतं, एरवीपेक्षा पाणी हात-दीड हात जास्त चढतं. बांध उंच असला तर काही नाही. पण तो कुठे खाली असला, तर पाणी तिथूनच आत येणार. "भात तं जाईल. पन मीठ बसलं ना जमिनीत, तं दोन-तीन सालं ती उठनार न्हाय." त्यांनी सूर्याकडे पाहिलं. "एक वाजता पानी भरंल."

साडेनऊ झाले होते.

तेवढ्यात बायको खाली आली, हातात झारा. ती करंज्या तळत होती आणि मला नारळ फोडायला बोलवायला आली होती. तिने सगळं ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, तिचे न बोलण्याचे सगळे प्रकार मला पाठ होते. हा नवीन होता.

मी घसा खाकरला. "मंडळी, आपल्या हातून अनवधानाने—"

"भाषण नंतर," ती म्हणाली. "घमेलं कुठाय?"

आणि तिने झाऱ्याने पहिला बुरूज पाडला.

पोरांनी आधी टाहो फोडला. पण किल्ला पाडायचाय, आणि तोही लवकरात लवकर, हे कळल्यावर त्यांच्यात जो काही हर्ष संचारला! बांधायला आठ दिवस लागले होते, पाडायला वीस मिनिटं. राणीवसा गेला, दारूकोठार गेलं, टाकी फुटून पाणी माझ्या नव्या लेंग्यावर आलं. मी भाईंच्या दारात धावलो. टेम्पो धुऊनपुसून उभा, पुढे झेंडूचा हार.

"नहीं नहीं साहेब! गाडी अभी धोयी छे, शाम को पूजन है!"

मागून मावशी आल्या. "शेट, आमचा भात गेला, तं लक्ष्मी आमी कुनाची पुजायची?"

भाईंनी एकदा मावशींकडे, एकदा टेम्पोकडे पाहिलं. मग त्यांनी हार काढला, तो वॉचमनच्या खुर्चीला घातला आणि टेम्पोची फळी खाली पाडली. "चलो, चलो! जल्दी भरो!"

मी एक लबाडी केली, ती इथे सांगून टाकतो. सगळा किल्ला गोण्यांत गेला, पण बालेकिल्ला मी फळीसकट अलगद उचलला आणि टेम्पोत कोपऱ्यात, भालदारासकट, ठेवला. म्हटलं, गरज लागली नाही तर निदान तेवढा परत आणू. परीक्षकांना काहीतरी दाखवायला नको?

बांधावर मावशींचे मालक, पुढे आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायला लागलो, त्या खाचेपाशीच उभे होते. मी केलेली खाच मी पहिल्यांदा दुसऱ्या बाजूने पाहिली. एका अंगाला तिवरांच्या मुळांशी खाडीचं पाणी. दुसऱ्या अंगाला, त्याहून खाली, शेत, आणि त्यात ओळींनी पसरलेलं तांबूस सोनेरी भात. मध्ये बांध. आणि बांधाला, दात पडल्यासारखी, माझी सोळा गोण्यांची फट.

"कापनीच्या घाईत इकडं कोन फिरकलंच न्हाय. आज बगितलं, तं मला वाटलं गुरं चढली," बाबा म्हणाले. "कोनी केलं?"

"या भाऊंनी," मावशी म्हणाल्या. "किल्ल्यापायी."

बाबांनी मला टकलापासून चपलांपर्यंत पाहिलं. "इतका मोठा मानूस किल्ला खेळतो?"

मी गोणी उचलली. बाबांनी तिच्यात हात घातला आणि माती मळून पाहिली. खाडीचा ताजा गाळ चालत नाही, तो पाण्याबरोबर वाहून जातो, वर्षानुवर्षं मुरलेली मातीच लागते आणि तीही नीट ओली, असं त्यांनी सांगितलं. "ही कोनी भिजवली?"

"मी," मी दबकत म्हणालो. "रोज दोन बादल्या. कधीकधी तीन."

"झ्याक भिजवली हाय."

त्या दिवशी मला मिळालेली ही एकमेव शाबासकी. मी बायकोकडे पाहिलं. ती गोणी ओढत होती.

मग सुरू झालं तुडवणं. माती ओतायची, वर पेंढा, की सगळ्यांनी एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून तुडवायची. मी, बायको, भाई धोतर खोचून, मावशी, आणि दहा-बारा पोरं, चिखलात नाचतोय! वर ऊन, खाली पायांना थंडगार माती. बाबा ओरडतायत, "टाच मारा, टाच! लगीन न्हाय हे!" भाई गुजरातीत गरबा म्हणायला लागले, त्यावर पोरं ठेका धरायला लागली. माझी डावी चप्पल कुठे गेली ते मला कळलंच नाही. मन एकीकडे घाबरलेलं आणि एकीकडे असं उसळत होतं, की इतका आनंद मला स्पर्धा जिंकूनही झाला नसता. हे तेव्हा बोलायची सोय नव्हती.

साडेबाराला पाणी आलं. मला वाटलं होतं लाटा येतील. तसलं काही नाही. नुसतं वर वर येत राहिलं, आवाज न करता. तिवरांची मुळं दिसेनाशी झाली, मग खोडं. खेकडे बांधावर चढून आमच्या दिशेने यायला लागले. बाबांनी बांधाच्या खाडीकडच्या अंगाला एक काडी टोचली आणि तिच्याकडे बघत बसले. पाणी काडीला लागलं. काडी अर्धी बुडाली. आमची नवी माती आणि पाणी यांत आता वीतभर अंतर होतं.

"अहो!" बायको ओरडली. ती शेताच्या बाजूला उभी होती. नव्या-जुन्या मातीच्या सांध्यातून, घाम फुटावा तसं पाणी झिरपत होतं. बघता बघता त्याची धार झाली, करंगळीएवढी.

"माती!" बाबा धावले. "माती आना!"

गोण्या संपल्या होत्या. सोळाच्या सोळा. मी इकडेतिकडे बघितलं आणि मग मुद्दाम टेम्पोकडे बघितलं नाही. नेमकं हेच बायकोने पाहिलं. ती सरळ टेम्पोपाशी गेली.

"हे काय ठेवलंय?"

"बालेकिल्ला," मी म्हणालो. "म्हटलं, निदान तेवढा संध्याकाळी—"

ती फळी घेऊन आली आणि तिने तो तसाच, तट, दरवाजा, झेंडा, सगळ्यासकट, त्या धारेच्या तोंडात कोंबला. बाबांनी वरून टाच मारली. मी दुसरी मारली. भाईंनी तिसरी. धार थांबली. पुन्हा झिरपली. पुन्हा टाचा. मग पाणी दिसेना.

आम्ही काडीकडे बघत उभे राहिलो. बराच वेळ पाणी होतं तिथेच होतं. मग काडीवर बोटभर ओली रेघ उघडी पडली.

"वळलं," बाबा म्हणाले आणि मटकन खाली बसले.

मावशींनी पदर डोळ्यांना लावला, आणि मग त्याच पदराने माझ्या बायकोच्या तोंडावरचा चिखल पुसला. उद्या आणि परवा पाणी अजून चढेल, म्हणून अंगणात सांडलेली माती झाडून आणायचं ठरलं. मावशी घरून गूळ-पाणी घेऊन आल्या आणि आम्ही सगळे बांधावरच ओळीने बसलो.

बसलो की माझं तोंड सुरू होतं, तसं झालं. पूर्वेला डोंगरांची ओळ दिसत होती. मी म्हणालो, "बाबा, त्या बाजूला घोडबंदरचा किल्ला. काय भक्कम बांधलाय!"

"बांधला आसंल," बाबा म्हणाले. "आमचे म्हातारे सांगायचे, त्याचा चुना आमचे खाडीतला. शिंपल्या वेचायला घरटी मानूस लागायचा. त्या भाजायला डोंगराची लाकडं. डोंगर तासला, खाडी खरवडली. किल्ला तिकडं, आनि खड्डा इकडं." मग आमच्या इमारतीकडे बोट करून त्यांनी सहज विचारलं, "तुमची बिल्डिंग कनच्या डोंगरावर उभी हाय?"

ती मिठागरावर उभी आहे, असं मी म्हणणार होतो. मग मला ते डंपर आठवले. आमच्या मागच्या मिठागरात भरावाची लाल माती ओतणारे, दिवसभर ये-जा करणारे. ती कुठून येते हे मी कधी विचारलं नव्हतं. काळ्या मातीचं मला विचारलं गेलं, तेव्हा मी काय उत्तर दिलं होतं ते वर आलंच आहे.

त्यानंतर माझा किल्ल्यांचा नाद गेला नाही, पण बिघडला. कुठल्याही गडावर गेलो की लोक बुरूज बघतात, मी खड्डा शोधतो. आणि तो सापडतो! डोंगरमाथ्यावरचं कोरीव टाकं म्हणजे तटाचा दगड जिथून निघाला ती जागा. इतकी वर्षं मी टाक्यांना पाट्या लावत होतो आणि हे सुचलं नव्हतं. उघडाबोडका उतार दिसला की मी मोजतो, इथे हजारभर माणसं राहत असतील तर रोज किती चुली, किती मोळ्या. तटाच्या चुन्यात शिंपल्याचा तुकडा चमकला की असा ओरडतो, की पोरं चार पावलं लांब जाऊन उभी राहतात, ओळख नसल्यासारखी. एकदा वसईच्या किल्ल्यात एका सहलीतल्या बाई मला विचारायला आल्या, "आपलं काही हरवलंय का?"

पण त्या संध्याकाळचं राहिलं. आम्ही आंघोळी करून, लक्ष्मीपूजन करून खाली उतरलो, तोवर परीक्षक आले होते. अंगणात ओला काळा चौकोन आणि त्यात एक पुठ्ठ्याची पाटी, "धान्यकोठार". परीक्षकांनी वहीतून वर बघून विचारलं, "किल्ला कुठाय?"

"बांधावर," पोरं म्हणाली, आणि सगळी एकदम हकीकत सांगायला लागली. शेजारच्या इमारतीला बक्षीस मिळालं. हिरवागार होता त्यांचा किल्ला, खोटं कशाला बोलू?

मग पोरांनी सैन्य मोजायला घेतलं. घोडेस्वार होते, तोफा होत्या, महाराज होते. तुटक्या कानाचा भालदार नव्हता. धाकट्यांनी रडायला सुरुवात केली. तो कुठे असणार ते मला आणि बायकोला दोघांनाही ठाऊक होतं. पोरांचं रडणं मला बघवेना. आणि दिवसभरात माझ्या हातून बरंच काही नीट झालं होतं, त्याचाही जोर होता. मी म्हणालो, "रडू नका रे. उद्या सकाळी जातो, जरासं उकरतो, काढून आणतो."

बायको हातात करंज्यांचं ताट घेऊन उभी होती. सकाळपासून न बोललेलं सगळं ती आता बोलेल असं मला वाटलं. तिने एक करंजी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "खबरदार बांधाला हात लावलात तर. तुमच्या एवढ्या सैन्यात तो एकटा कामाला लागलाय. राहू दे त्याला तिथेच."